आधी शेजारचं दार वाजवा

बॅडेक, ९ सप्टेंबर

मर्डॉक,

तू फोन उचलत नव्हतास तोवर बरं होतं. निदान तिकडे घंटा वाजते एवढं तरी कळायचं. आता नंबरच बंद आहे, म्हणून हे पत्र. अल्बर्टात तू ज्याच्याकडे राहतोस त्या क्लॅरेन्सच्या तळघरातल्या खोलीचा पत्ता आईकडून घेतला. द्यायला तिने इतके आढेवेढे घेतले, की मी जणू तिच्या बांगड्याच मागत होते.

बाबांच्या मातीनंतर आपण बोललेलो नाही. ते भांडण उकरून काढायला मी बसलेले नाही. तू आईला शब्द दिलास की ग्लेस बेच्या घरातून तिला कोणी हलवणार नाही, आणि शब्द देऊन कामासाठी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, अल्बर्टाच्या विमानात बसलास. तो पाळायचं काम इथे उरलेल्या माणसाकडे आलं. उंटावरून शेळ्या हाकायला काही लागत नाही.

असो. कामाचं लिहिते.

मी चालवायचे ती शाळेची बस बंद झाली, कारण शाळाच बंद झाली. आता या वयात मी पुन्हा वर्गात बसते. घरांची ऊब तपासायचं शिक्षण घेते आहे. म्हणजे लोकांच्या घरी जायचं, ऊब कुठून निसटते ते शोधायचं, मोजायचं, आणि मालकाला सांगायचं की इथे भरा, तिथे बुजवा. त्या अहवालावर सरकारी मदत मिळते. वर्गातल्या दोघांना मी बसमधून शाळेत सोडलेलं आहे. त्यातला एक रोज वळणावर ओकायचा. तोच आता मला संगणकावर घराचा आराखडा काढायला शिकवतो, आणि माझं चुकलं की सुस्कारा टाकतो.

शिकवणारा लॉर्न बूटिलिए नावाचा गृहस्थ आहे. साठीचा, ढेरी सुटलेली, पण माळ्यावर मांजरासारखा शिरतो. पहिल्याच दिवशी त्याने फळ्यावर एक घर काढलं आणि विचारलं, "या घराची हद्द कुठे?" सगळ्यांनी बाहेरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "चूक. जिथवर ऊब द्यायची तुम्ही ठरवलीत, तिथवर घर. त्यापलीकडचं सगळं बाहेर, मग ते गॅरेज असो नाहीतर सासूची खोली. आधी ती रेघ ओढा. रेघ चुकली की पुढचं सगळं गणित चुकलं."

मी लगेच आईच्या घराचं विचारलं. म्हटलं, कोळसा कंपनीने बांधलेलं जोडघर आहे, एका छपराखाली दोन बिऱ्हाडं. डाव्या अर्ध्यात आई. उजवा अर्धा काकाने भावाच्या नावे केला, तिथे आता ना माणूस ना उजेड. लॉर्न म्हणाला, "मग रेघ मधल्या भिंतीवर. भाऊ बाहेर."

पोरं हसली. मीही हसले.

तर मुद्दा असा. मधल्या भिंतीत काही भरलेलं नाही. दोन्ही बाजूंना चुली पेटत होत्या तेव्हा भरायची गरजच नव्हती. आता तुझ्या बाजूला बर्फ, आणि आईची ऊब त्या भिंतीतून तुझ्या रिकाम्या खोल्यांत जाते. मागच्या हिवाळ्यात ती कोट घालून स्वयंपाकघरात झोपत होती, हे तुला माहीत नसेल. भिंत तुझ्या बाजूने भरावी लागेल, कारण आईच्या बाजूला जिना आणि कपाटं आहेत. घर तुझं, म्हणून तुझा होकार हवा. एक ओळ लिही, "भर" एवढीच. नाहीतर हा हिवाळा आई त्या घरात काढू शकणार नाही, आणि तुझा शब्द मला मोडावा लागेल.

एफी

बॅडेक, ५ ऑक्टोबर

मर्डॉक,

एक ओळही जड झाली.

काल आईकडे जाऊन आले. तेलवाला दारातच भेटला. म्हणाला, "बाई, तुझी आई तेल पिते की काय?" टाकी नुकतीच भरली होती आणि तळाला आली होती. घरात भट्टी धडधडते आहे, आणि आई मात्र दोन स्वेटर घालून बसलेली. माझं गणित कच्चं असेल, पण एवढं तेल जाळून घर इतकं गार कसं, हे कोणालाही खटकेल.

लॉर्नचा कॅमेरा नेला होता. त्यात गार भिंत निळी दिसते, उबदार पिवळी. मधली भिंत निळीशार दिसायला हवी होती. वरच्या मजल्यावर दिसलीही. पण खाली, जिन्याखालच्या कपाटाच्या आसपास, ती पिवळी दिसली. लॉर्नला दाखवलं तर म्हणाला, "ऊन पडलं असेल." मधल्या भिंतीवर कुठलं ऊन पडणार? कॅमेरा जुना आहे, दुसरं काय.

कपाट उघडून बघणार होते, पण आई आडवी आली. "त्यात बाबांचे कोट आहेत, हात लावू नकोस." मी म्हटलं, कोटांना कोण खातंय? तर तिचे डोळे भरले. मग मी हात मागे घेतला.

फिशकेक तळत होती, ताटभर. मी विचारलं, "एकटीला एवढे?" म्हणाली, "थेरेसाला देते." समोरच्या थेरेसाला बाहेर पडताना सहज म्हटलं, आई तुला बरंच खाऊ घालते की. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भलत्याच भाषेत बोलले. मग म्हणाली, "हो हो, घालते."

तुझ्या खिडक्यांना आतून घोंगड्या लावलेल्या दिसल्या. कोणी लावल्या? थेरेसा म्हणते, "पोरं दगड मारतात म्हणून." घोंगडीने दगड अडतो हे मला नवीन होतं.

मर्डॉक, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मी आईचं नाव इथल्या वृद्धांच्या इमारतीत नोंदवून ठेवलं आहे. माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. खिडकीतून सरोवर दिसतं. तिला अजून सांगितलेलं नाही. तुला आधी सांगते आहे, कारण तुला अडवायचं असेल तर अजून वेळ आहे. खरं सांगायचं तर तू अडवावंस म्हणूनच सांगते आहे.

एफी

बॅडेक, २ नोव्हेंबर

मर्डॉक,

लेखी परीक्षेत मी नापास झाले. तीन गुणांनी असतं तर रडले असते, पण इतक्या लांबून नापास झाले की हसूच आलं. पुन्हा बसता येतं. लॉर्न म्हणाला, "घरं चढून उतरून बघ, आकडे आपोआप अंगात येतील." म्हणून आठवडाभर त्याच्या मागे लोकांच्या घरांखाली सरपटते आहे. कोळ्यांची जाळी केसांत घेऊन घरी येते. तिथे खाली पडल्या पडल्या बाबांची आठवण येते. त्यांनी सगळा जन्म खाणीत असा आडवा काढला, आणि घरी येऊन कधी अंधाराविषयी चकार शब्द काढला नाही.

पंख्याची चाचणी मात्र मला जमते. घराच्या पुढच्या दाराच्या चौकटीत लाल कापड ताणून बसवायचं, त्यात मोठा पंखा. पंखा घरातली हवा बाहेर फेकतो. मग जिथे जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत शिरते, आणि भिंतीवरून ओला हात फिरवला की चोर सापडतो. घर किती फुटकं आहे याचा आकडाही मिळतो. लॉर्न म्हणतो, घर थापा मारत नाही, घरमालक मारतात.

ही चाचणी आईच्या घरी करायची ठरवली आहे. सरावासाठी. लॉर्न येईल. मी आईला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती, काकवीच्या पावाची. हात तसाच ठेवून म्हणाली, "माझ्या घराला पंखा लावायचा नाही."

"का?"

"मी सांगते म्हणून."

"आई, आकडा वाईट आला तर तुला इथे ठेवता येणार नाही. मर्डॉकला मी दोनदा लिहिलं. तो उत्तर देत नाही."

"तू टोचून लिहितेस, एफी. असल्या पत्राला कोण उत्तर देईल?"

"मी काय लिहिते ते तुला काय माहीत?"

त्यावर तिने चहा ओतायला घेतला. माझा कप भरलेलाच होता.

म्हणून हे पत्र न टोचता लिहायचा प्रयत्न करते आहे. मला तुझा राग येतो, आणि त्याहून जास्त तुझी आठवण येते. तू काकाच्या अर्ध्यात राहायला गेलास तेव्हा रोज संध्याकाळी मधल्या भिंतीवर ठोकायचास, आणि मी इकडून ठोकायचे. इतकी वर्षं झाली, तरी त्या भिंतीपाशी गेले की मी थबकते. कोणी ठोकत नाही.

डिसेंबर लागायच्या आत आईला हलवणार. हे शेवटचं सांगणं.

एफी

हॉस्पिटल, तळमजला, १७ नोव्हेंबर

मर्डॉक,

तू वरच्या मजल्यावर आहेस आणि मी खाली यंत्रातला चहा घेऊन बसले आहे. नर्स म्हणते तू शुद्धीवर आहेस, पण भेटायला नको म्हणतोस. म्हणून लिहिते. ती वाचून दाखवते म्हणाली आहे, तेव्हा शिव्या घालत नाही.

काय झालं ते तुला तुकड्यातुकड्यांत कळलं असेल. माझ्याकडून ऐक.

काल सकाळी लॉर्न आणि मी पंखा घेऊन आलो. लॉर्नने नेहमीसारखं घर फिरून पाहिलं. भट्टी बंद केली, पाण्याची टाकी बंद केली. खिडक्या लावल्या, आतली दारं उघडली. नाक वर करून म्हणाला, "कोळशाचा वास येतोय." आई म्हणाली, "थेरेसाकडचा." धुराडं दोन्ही अर्ध्यांचं एकच, त्यातून धूर निघत होता, पण आमची भट्टी नुकतीच बंद केली होती, तिचाच असेल असं मला वाटलं.

मग त्याने विचारलं, "शेजारी?"

"माझा भाऊ. अल्बर्टात असतो. घर रिकामं आहे."

"तरी दार वाजवून ये."

हा त्याचा नियम आहे. जोडघर असलं की आधी शेजारचं दार वाजवायचं. त्यांची शेगडी पेटलेली असेल तर विझवायला लावायची. कारण मधल्या भिंतीत मोठी फट असली तर पंखा त्यांच्याही घरातली हवा ओढतो, आणि धुराड्यातून वर जाणारा धूर उलटा खाली खोलीत उतरतो. हे वर्गात त्याने इतक्यांदा घोकून घेतलंय की ते ओकणारं पोरसुद्धा झोपेत सांगेल.

मी म्हटलं, "लॉर्न, मला माझ्या भावाचं घर ठाऊक आहे. रिकाम्या घराचं दार वाजवून काय भुतं उठवायची आहेत?"

तो हसला. परका कोणी असता तर पायऱ्या उतरून गेला असता आणि तुझं दार वाजवलं असतं. मी घरची, म्हणून नाही गेले.

आई स्वयंपाकघरात खुर्चीवर होती. तिने हे सगळं ऐकलं. ती मूग गिळून बसली. तिने तुला गप्प राहायचा शब्द दिला होता, आणि पंख्याने काय होतं ते तिला कुठे माहीत होतं? तिला वाटलं, पंखा घोंघावेल, आकडा येईल, आणि आम्ही चहा पिऊन निघून जाऊ.

पंखा पूर्ण जोराने फिरत होता, तरी दाबाचा आकडा चढेना. लॉर्न म्हणाला, "एफी, इथे फट नाही, कुठेतरी अख्खं दार उघडं आहे." तेवढ्यात जिन्याखालच्या कपाटाचं दार आपलं आपण उघडलं. आत टांगलेले बाबांचे खाणीतले कोट फुगून पुढे आले, जणू प्रत्येकात कोणी उभं होतं. त्यांच्यामागून कोळशाचा धूर आला. आणि लॉर्नच्या पट्ट्याला लावलेलं ते छोटं यंत्र, कार्बन मोनॉक्साइड कळला की वाजतं ते, किंचाळायला लागलं.

लॉर्नने पंखा बंद केला आणि ओरडला, सगळे बाहेर. आई बाहेर गेली नाही. ती कपाटात शिरली. कोट बाजूला ढकलून तिने आत तोंड घातलं आणि तुला हाक मारली.

मला क्षणभर वाटलं, म्हातारी भ्रमिष्ट झाली.

मग मी पाहिलं. कपाटामागच्या भिंतीतल्या ज्या झडपेतून आई आणि काकू एकमेकींना साखर, चहा आणि रडकी पोरं द्यायच्या, ती उघडी होती. काकू गेल्यावर बाबांनी तिथे फळ्या ठोकल्या होत्या. त्या फळ्या काढून कोपऱ्यात नीट रचून ठेवल्या होत्या, आणि खिळे एका डब्यात. तुझं काम. खिळे सरळ करून ठेवणारा आपल्या घरात दुसरा कोणी नाही.

तुला ओढून बाहेर काढलं ते लॉर्नने आणि थेरेसाच्या नवऱ्याने. मी तुझे बूट हातात धरून उभी होते. ते मी कुठून उचलले, मला आठवत नाही. तुझ्या उजव्या हाताकडे तेव्हाच लक्ष गेलं. आई घरातल्या सपाता घालून बर्फाच्या पायरीवर बसली होती आणि सारखी म्हणत होती, "तो झोपला होता. या वेळी तो झोपलेला असतो."

गाडी तुला घेऊन गेल्यावर मी थेरेसावर तुटून पडले. घरांच्या अख्ख्या रांगेला ठाऊक होतं, आणि मला कोणी सांगितलं नाही? ती हाताची घडी घालून म्हणाली, "तू विचारलंस कुठे? तू घोंगड्यांचं विचारलंस."

वर बोलावशील का? दोन मिनिटं. मी काही विचारणार नाही.

एफी

ग्लेस बे, २६ नोव्हेंबर

मर्डॉक,

बोलावलंस, त्याबद्दल आभार मानते. नाकाला नळी, चेहरा भिंतीकडे. मी खुर्ची ओढली तेव्हा तू विचारलंस, "पास झालीस का?"

मी म्हटलं, "अजून नाही."

तू "हं" म्हणालास. बस. आपल्या इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतरचं सगळं बोलणं एवढंच. तू थट्टा केलीस, टोमणा मारलास, की तुला खरंच जाणून घ्यायचं होतं, हे मी तेव्हापासून घोळवते आहे. दुसऱ्या दिवशी आले तर पलंगावर नवी चादर होती. नर्स म्हणाली, स्वतःच्या जबाबदारीवर सही करून गेला. डाव्या हाताने सही केली, असंही म्हणाली.

हे पत्र क्लॅरेन्सकडे पाठवते. त्याने माझी तिन्ही पत्रं, आली तशी, मोठ्या पाकिटात घालून आईच्या पत्त्यावर परत पाठवली होती, हे मला आता कळलं आहे. आईने ती झडपेतून तुला दिली. म्हणजे मी बॅडेकहून अल्बर्टाला लिहीत होते, आणि तू आईच्या कपाटामागे बसून वाचत होतास.

काल तुझ्या अर्ध्यात गेले. चावी अजून खुंटीलाच असते. चुलीपाशी गादी, एक खुर्ची, किनाऱ्यावरून वेचलेल्या कोळशाची बादली. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या चौकटीत कागद कोंबलेले दिसले. काढून पाहिले तर माझी पत्रं. नीट घड्या घालून, बरोबर जिथे वारा येतो तिथे. पहिलं पत्र तर अगदी तळाशी होतं, "भाऊ बाहेर" लिहिलेलं. मी खुर्चीवर बसून हसले आणि मग हसणं थांबवता येईना, म्हणून थेरेसा बघायला आली. मर्डॉक, कागदाने वारा अडत नाही रे. तिथे फोमची पट्टी लागते. मला विचारायचं होतंस.

आईने आता सगळं सांगितलं. तुझा हात यंत्रात सापडला ते, कंपनीने तुला घरी बसवलं ते, मार्चमध्ये तू पाठीवर एक पिशवी घेऊन मागच्या दाराने आलास ते. मी विचारलं, मला का नाही कळवलं? ती म्हणाली, "तोच नको म्हणाला. म्हणाला, एफी मला घरासारखं तपासेल. कुठे कुठे फुटलोय ते लिहून काढेल आणि मग मला सांगेल काय भरायचं."

खरं आहे. तसंच केलं असतं.

आणि तेल कुठे जात होतं तेही कळलं. ती भट्टी पूर्ण चढवायची, कपाटाचं दार उघडायची, आणि स्वतः दोन स्वेटर घालून बसायची. मी आले की दार लावायची. मी कॅमेऱ्याला जुना म्हटलं. कॅमेरा बरोबर होता. त्या भिंतीच्या पलीकडे माणूस होता.

कुठे आहेस ते सांगू नकोस हवं तर. आहेस एवढं कळव.

एफी

ग्लेस बे, २१ जानेवारी

मर्डॉक,

मी पास झाले. तू विचारलं होतंस, म्हणून आधी ते.

मी आता इथेच राहते, वरच्या मागच्या खोलीत. बॅडेकच्या इमारतीतली जागा सोडून दिली. आईला हलवायचं तर आता जमलंही नसतं. त्या दिवसानंतर ती थोडी विसराळू झाली आहे. डॉक्टर म्हणतात वयामुळे, आणि थोडा धूर तिच्याही छातीत गेला होता. माणसं ओळखते, दिवस ओळखत नाही. संध्याकाळी एक ताट झडपेच्या कडेवर ठेवते. सकाळी तेच ताट उचलते आणि म्हणते, "आज त्याला भूक नव्हती."

तिने झडप बुजवू दिली नाही. मी विचारलंही नाही.

लॉर्न येऊन गेला. त्या दिवसापासून तोही थोडा वाकला आहे. म्हणतो, "मी हसायला नको होतं. तुला पायऱ्या उतरायला लावायचं होतं." आम्ही दोघांनी झाला प्रकार लेखी कळवला, काही न लपवता. माझी परीक्षा त्यामुळे लांबली, आणि लांबावीच. तो भिंत बघून म्हणाला, "आता तरी हे भोक बंद कर आणि मधली भिंत भर, एफी. रिकामं घर तापवणं म्हणजे समुद्रात साखर टाकणं. तू लोकांना हेच सांगणार ना?"

लोकांना हेच सांगणार. पण मी मधल्या भिंतीला हात लावला नाही. तुझ्या बाहेरच्या भिंती भरल्या. तुझा माळा भरला, खिडक्यांना पट्ट्या लावल्या, ती चूल काढून धुराड्याचं तोंड तुझ्या बाजूने बंद केलं. तुझी परवानगी घेतली नाही. वाटल्यास येऊन भांड. लॉर्नने आराखडा मागितला तेव्हा मी नव्याने काढून दिला, रेघ तुझ्या उजव्या भिंतीच्या बाहेरून. त्याने आकडे पुन्हा तपासले. मग म्हणाला, "आकडे जुळतात," आणि सही केली.

आईच्या भट्टीत आता दोन्ही अर्धे तापतात. फार नाही, पण तुझ्या स्वयंपाकघरात कोट काढून बसता येतं. मी कधी कधी बसते. तुझी खुर्ची तशीच आहे.

क्लॅरेन्स लिहितो की तू त्याच्याकडे आला नाहीस. ब्रिटिश कोलंबियात कोणी तुला पाहिलं म्हणतात, कोणी म्हणतं तो तू नव्हेस. मी त्याच्याकडेच पाठवत राहीन.

कामाला लागले आहे. रोज दोन घरं. जोडघर असलं की मी आधी शेजारचं दार वाजवते. रिकामं आहे म्हणून मालकाने शपथ घेतली तरी वाजवते, आणि दोनदा वाजवते. लोक हसतात. आता सवयच लागली आहे, म्हणून घरी परत येतानाही आधी तुझ्याच पायऱ्या चढते.

तुझं दार पहिल्यांदा वाजवलं त्या दिवशी वारा पडला होता, सगळी रांग गप्प होती. माझा ठोका तुझ्या रिकाम्या खोल्यांतून आत गेला, झडपेतून पलीकडे आईपर्यंत पोचला. मग पलीकडून, कपाटातल्या कोटांमागून, तिचा आवाज आला.

"मर्डॉक, दार उघड रे. एफी आली आहे."

मी थोडा वेळ पायरीवर थांबले. मग आईच्या दाराने आत गेले.

तुझी बहीण,
एफी